एमआरआयच्या दाराबाहेरचा नवरा

समस्त सोयरे, शेजारी आणि जठारपेठेतल्या आमच्या गल्लीतले नागरिक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या घरातलं अधिकृत पेशंटचं पद, जे मी बीपी आणि शुगरच्या जोरावर बारा वर्षं एकहाती सांभाळलं, ते माझ्या बायकोने एका फटक्यात पटकावलं आहे. तेही साध्यासुध्या तपासणीने नव्हे. एमआरआयमध्ये पालथं झोपून, छातीतून सुईने तुकडा काढून!

मला हेवा वाटला. तपासणीचा नाही हो, माझ्या मोठ्या मेव्हणीचा.

बायकोची आई स्तनाच्या कॅन्सरने गेली. त्यामुळे दोघी बहिणी नियमाने तपासणी करून घेतात. यंदा उन्हाळ्यात बायको म्हणाली, "ताईकडे कुरड्या कराले चालली, चार दिवस." मी स्वतः पिशवी उचलून स्टँडवर गेलो, अमरावतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा धरून दिली. ती कुरड्या घेऊन परतली. मी त्या तळून खाल्ल्या, वर तोंडभरून कौतुक केलं. तीन आठवड्यांनी, तुकडा काढायची तारीख आली तेव्हा कळलं की कुरड्या ताईने एकटीने घातल्या होत्या. बायकोचा एमआरआय झाला होता आणि त्यात डाव्या बाजूला एक ठिपका दिसला होता.

तीन आठवडे! शेजारी झोपणाऱ्या माणसाला पत्ता नाही, आणि शंभर किलोमीटरवरच्या बहिणीला ठिपक्याची लांबी-रुंदी पाठ.

आम्ही अमरावतीच्या दवाखान्यात पोचलो, तर ताई आधीच हजर. डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. हा ठिपका सोनोग्राफीत सापडत नाही, मॅमोग्राफीतही नाही. फक्त एमआरआयला दिसतो. म्हणून सुईला वाटही एमआरआयच दाखवणार. पेशंटने पालथं झोपायचं, स्तन खालच्या मोकळ्या जागेत हलके दाबून स्थिर ठेवायचा. शिरेतून औषध देऊन फोटो, जागा पक्की झाली की भूल, मग पोकळ सुईने बारीक तुकडे. टाके नाहीत. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच ताई म्हणाली, "आणि खूण म्हणून आत बारीकशी क्लिप ठेवतात, नाही का मॅडम?"

मॅडम खूश. ही बाई शाळेत पहिल्या बाकावर बसत असणार.

तेवढ्यात नर्स दारात आली. "पेशंटसोबत बाईमाणूस कोण आहे?"

मी उभा राहिलो. सव्वीस वर्षांच्या संसाराच्या अधिकाराने, छाती काढून. अख्खा बाक हसला.

"बसा जवाईबुवा," ताई म्हणाली, "तुमचं लुगडं घरी राह्यलं."

दोघी आत गेल्या. थोड्या वेळाने ताईने बाहेर येऊन माझ्या रुमालात मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी आणि मंगळसूत्राला अडकवलेल्या सात सेफ्टीपिना ओतल्या. "आत लोखंडाचा कण चालत नाही म्हणे. सांभाळा. तुमाले लय मोठं काम देल्लं." आणि पुन्हा आत. दार बंद. मी तासभर रुमाल मांडीवर घेऊन बसलो. भिंतीपलीकडून ठक-ठक-ठक आवाज यायचा, आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, आत्ता तिने ताईचं नाव घेतलं असेल.

बायको बाहेर आली ती छातीशी बर्फाची पिशवी धरून, मागोमाग ताई. आधी वळून ताईकडे बघितलं. "झालं वं ताई." मग माझ्याकडे. "चहा घेतला का तुमी?"

नाही म्हणालो, उपाशी माणसाच्या आवाजात.

"मंग घ्या ना. कोनाची वाट पाहून राहिले?"

रिपोर्टला पाच दिवस लागणार होते. त्या पाच दिवसांत माझ्या विनोदाचं पार पाणी झालं. ती गवार मोडत बसायची, मी समोर पेपर धरून तिच्या हातांकडे बघायचो. तिची आई गेली तेव्हा याच वयाची होती, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. "काहून पाहून राहिले?" ती विचारायची. "काही नाही," मी म्हणायचो. फोन वाजला की तो ताईचाच असायचा. दार लावून दोघी अर्धा अर्धा तास बोलायच्या. मी दाराशी उभा राहून ऐकायचा प्रयत्न केला, हेही इथे कबूल करतो.

रिपोर्टच्या दिवशी मी ताईच्या आधी आत घुसून बायकोशेजारची खुर्ची पकडली. ताई मागे उभी. मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, "कॅन्सर नाही. ठिपका साधा आहे. सहा महिन्यांनी पुन्हा एक एमआरआय करू, बस."

ताईने डोळे पुसले. मी मात्र उठलो. पाच दिवस तयार केलेलं भाषण होतं माझ्याकडे. "मॅडम, आता तुम्हीच न्याय करा. हिने सख्ख्या नवऱ्याला तीन आठवडे..."

पुढचं वाक्य मला आठवत नाही. समोरची भिंत तिरपी झाली आणि मी पेशंटच्या स्टुलावर धपकन बसलो. नर्स पाणी घेऊन धावली, ताई रिपोर्टनेच वारा घालू लागली, मॅडम माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळू लागल्या. आणि बायको, जी पाच दिवसांत एकदाही आवाज चढवून बोलली नव्हती, ती कमरेवर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "पाहा मॅडम! म्हनूनच ह्यायले काही सांगत नव्हती मी!"