उसाच्या गाडीचा शॉकअप

"मॅडम हुशार हायेत, पण नवं लग्न झालंय. कधी राजीनामा देतील, भरवसा न्हाय. ट्रायल रोहितकडंच द्या."

मॅनेजर कदम सर हे आमच्या मालकांना सांगत होते. पार्टिशनच्या अलीकडं मी पाण्याची बाटली भरत होते. बाटली भरली, जागेवर येऊन बसले. कमी बोलणाऱ्या माणसाचा हा फायदा असतो. तुम्ही तिथं नाहीच असं धरून लोक बोलतात आणि किस्से आपोआप साठत जातात.

बारामतीच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. मी तिथं अवजड गाड्यांचे शॉकअप डिझाइन करते. नव्या शॉकअपला एक नॉब आहे. गाडी रिकामी असेल तर मऊ, उसानं भरली की कडक. हे डिझाइन माझं. ते राहणार की जाणार हे रस्त्यावरच्या ट्रायलमध्ये ठरणार होतं, आणि ट्रायल आता माझ्या शेजारच्या टेबलावरच्या रोहितकडं गेली होती.

*

नॉबवर एक ते पाच आकडे. आमचे ड्रायव्हर तात्या तो कायम पाचवर ठेवायचे. रिकाम्या गाडीला पाच म्हणजे दगडावर बसून प्रवास!

"तात्या, गाडी रिकामी असली की एकवर ठेवा."

"पाच असताना एक कशाला वापरायचा, ताई? घरचा फॅनबी मी पाचवरच लावतो."

"थंडीत?"

"थंडीत पाचवर लावतो आन् गोधडी घेतो."

*

सासर लासुर्ण्याचं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "तू कंपनीत करती काय नेमकं?"

"खड्ड्यातनं जाताना गाडीला झटके बसतात ना आई, ते कमी करते."



"मग खड्डं बुजवायची नोकरी न्हाय का मिळाली?"

*

पहिला शॉकअप तयार झाल्यावर त्याची पूजा झाली. त्याचा रॉड आरशासारखा गुळगुळीत असतो. धुळीचा कण चिकटू नये म्हणून आम्ही हातमोजे घालून धरतो. मालकांनी त्याच रॉडला हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या. मशीनवर लावल्या लावल्या सीलमधून तेल गळायला लागलं!

रोहितनं रिपोर्टात कारण लिहिलं, 'बाहेरील कण.'

मालक भडकले. "कुठनं आले कण? शॉपमध्ये स्वच्छता का पाळत नाही?"

 रोहित पूजेच्या हाराकडं बघत राहिला.

"दुसरा पीस करा," मालक म्हणाले. "आणि या वेळी पूजा जरा व्यवस्थित करा!"

*

शेवटी ट्रक बनवणाऱ्या कंपनीचे साहेब ट्रायल बघायला आले. कळंबजवळ उसानं भरलेला ट्रक, पुढं वरकुट्याकडचा खराब रस्ता. साहेब तात्यांशेजारी बसून एक फेरी मारून आले. उतरले ते कंबर धरूनच.

"एकवर ठेवा नाहीतर पाचवर, काही फरकच नाही!"

"व्हय," तात्या म्हणाले, "पाचवरबी न्हाय."

रोहित घाईनं पुढं आला. "सर, पार्टी येणार म्हणून मी तर सगळ्यात देखणे पीस लावले!"

"डिझाइन कुणाचं आहे?" साहेबांनी विचारलं.

सकाळपासून 'आमचं डिझाइन, आमचं डिझाइन' चाललं होतं. आता मालक, कदम सर आणि रोहित, तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

"मॅडमचं," कदम सर म्हणाले.

"मग हे इथंच थांबवू या," साहेब म्हणाले.

मी चाकाशी वाकून बघितलं. चकचकीत लाल रंग. तेलाचा कुठं डाग नाही. उठून उभी राहिले.

"डिझाइन माझंच आहे, साहेब. पण हे लाल पीस प्रदर्शनातले आहेत. स्टॉलवरचं पांढरं कापड खराब होऊ नये म्हणून यातलं सगळं तेल मीच काढलं होतं. तेलाशिवाय झटका अडत नाही, नॉब नुसता फिरतो. तेल भरलेले पीस फॅक्टरीत आहेत, काळे, दिसायला साधे. ते आणून लावू, आणि ट्रायल मी घेते. तात्या, चला."