अडतिसाव्यातच

अवो, आमच्या सुलोचनाले चिनी येते! हिंगणघाटात कोणी मानत नाई. पण मी रीता, तिची मोठी जाऊ. मी खोटं कायले सांगू?

गोष्ट २००६ची. इथल्या एका गिरणीत चिनी मशिनी आल्या, अन् त्यावरची अक्षरं पाहून बाईले भाषेचं याडच लागलं. वर्ध्याले संध्याकाळच्या वर्गात नाव टाकलं, रोज एसटीनं जाऊ लागली. आमची सासू वच्छलाबाई भडकली. "अडतीसची घोडी झाली, आता कोठी शिकून राह्यली? फेल झाली त चूपचाप घरी बसजो!"

"बसीन, आत्याबाई," सुलोचना म्हणे. बोलून बसली ना बावा!

भाकरी टाकता टाकता ती मले शिकवे. चिनीत दोन बारके शब्द आहेत, त्साय अन् ज्यौ. आता आमचे मालक सातले उठतात. "सात वाजता कोठी उठले," असं मी उशीर झाला म्हणून म्हणते, तो त्साय. "सात वाजताच उठले," असं आत्याबाई म्हणते, तिचं लेकरू ना! तो ज्यौ. घड्याळ तेच. बोलणाऱ्याले उशीर वाटला का लवकर, तेवढाच फरक.

तोंडी परीक्षेले मीबी संगं गेलती, दारात उभी होती. सरानं विचारलं, चिनी कितव्या वर्षी शिकाले लागल्या? सुलोचनानं ताडकन सांगितलं. त्यात ज्यौ होता, मले साफ ऐकू आला.

"चुकलं," सर म्हणाले. "अडतीस म्हणजे उशीर. इथं त्साय पाहिजे."

"उशीर तुमाले वाटला, सर. मले नाई वाटला."

"मार्क कापीन."

"कापा. त्साय मी म्हणणार नाई."

मी दारातून हातानं खुणावलं. एवढी अकड कायले दाखवते माय, फेल झाली त घरीच सडशील! सरानं खरंच मार्क कापले.

निकाल लागला. काठावर पास! आत्याबाई अंगणात तूर निवडून राह्यली होती. तिनं नाक मुरडलं. "चाळिशी आली, आता कोठी पास झाली!"

"आताच झाली," सुलोचना म्हणे. "अन् पुढच्या वर्गात नावबी टाकून आली."

मी पदराले हात पुसले.

"माहंबी टाकलं, आत्याबाई. पंचेचाळिसाव्यातच."