पार्ल्याला पोचवणारी बाई

"जातील कुटं?" हे म्हणताना ती फक्त हनुवटी जराशी वर करायची. डोक्यावर मासळीची पाटी असल्यामुळे मान हलवायची सोय नव्हती. कुणाचं मांजर दिसेनासं होवो, गॅसवाला न येवो, कुणाचा नवरा रुसून बहिणीकडे जाऊन बसो, तिचं उत्तर ठरलेलं. "जातील कुटं? येतील." आणि नवल म्हणजे येत.

मुंबई सोडून आम्ही बोईसरला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो कारखान्यात, मी घरातच संगणकावर काम करणारी, आणि सोबत माझे वडील. बाबांचं सगळं आयुष्य पार्ल्यात गेलेलं. अलीकडे त्यांची आठवण विरत चालली होती. जेवलो की नाही हे विसरायचे, माझं नाव विसरायचे, पार्ले मात्र पक्कं लक्षात. सकाळचा चहा झाला की छत्री काखेत मारायची आणि म्हणायचं, "चला, पार्ल्याला निघतो."

मला इथलं सुरुवातीला काहीच सोसेना. मुंबईत शेजारच्या घरात कोण राहतं हे मला कधी कळलं नव्हतं, आणि त्यात मला सुख होतं. इथे आठवडाभरात गल्लीला आमचं सगळं ठाऊक. आम्ही कुठलं दूध घेतो, दुपारी किती वेळ झोपतो, आमचा पंखा आवाज करतो. भाजीवाला मला विचारायचा, "काय ताई, काल भेंडी नेली ती चिकट झाली ना?" आता ह्याला कुणी सांगितलं?

त्यात ही. पहिल्याच दिवशी दारात उभी. मी म्हटलं, "मावशी, आम्ही मासे खात नाही." ती म्हणाली, "बगायला काय जातंय?" आणि पाटी उतरवून पापलेट, बोंबील, मांदेली असं सगळं मला दाखवलं. विकायला नव्हे. नव्या माणसाला गावातली माणसं दाखवावीत तसं. मी नाकाला पदर लावून पाहिलं. पुढच्या सगळ्या काळात आमच्या घराने तिच्याकडून एक करंदीसुद्धा घेतली नाही. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे मी पुढे जे सांगणार आहे त्याने तुम्हीही चकित व्हाल.

एका सकाळी बाबा माझा डोळा चुकवून निघून गेले. मी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटले. चौकीवर जायचं म्हणून चपला बदलायला घरी आले, तर समोरून दोघं येताहेत. पुढे ती, डोक्यावर पाटी. मागे बाबा, हातात तिची कोथिंबिरीची पिशवी.

"पार्ल्याला निघाले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, चला, मी पन तिकडंच चालले."

बाबा घरात शिरले, छत्री खुंटीला लावली आणि म्हणाले, "आज लवकर आली गाडी."

मी त्यांना रोज समजवायची, बाबा, आपण आता पार्ल्यात राहत नाही. मग ते रडवेले व्हायचे. ह्या बाईने त्यांना सरळ पार्ल्याला पोचवून टाकलं होतं.

तरी मी घाबरले ते घाबरलेच. दाराच्या जाळीला कुलूप लावलं. बाबा दिवसभर जाळीचे गज धरून उभे राहायचे. ती यायची, बघायची, पुढे जायची. असे काही दिवस गेले. मग एकदा पाटी खाली ठेवून म्हणाली, "बाय, ह्यांना सोड."

"हरवले तर?"

"जातील कुटं?"

मला रागच आला. "मावशी, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"घरातलाच हाय," ती म्हणाली. "म्हनून तर बोलते. दार लावून मानूस सुकून जातं. तू सोड. आमी हाय ना."

ह्या 'आमी'त कोण कोण होतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. समुद्रकाठच्या नवापूरच्या बायका सकाळी मासळी घेऊन टमटमने बोईसरला उतरतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मीही पाहिलं होतं. पण त्यांच्यात गल्ल्या वाटलेल्या असतात, हे मला नंतर कळलं. ही गल्ली हिची, रेशनच्या दुकानापलीकडची तिच्या जावेची, देवळाकडची आणखी कुणाची. कुठे लिहिलेलं नाही, कुणी नेमून दिलेलं नाही. सासूची गल्ली सुनेला मिळते. दुसरीच्या गल्लीत पाटी घेऊन कुणी हाक मारत नाही. मारली तर गावात त्यावरून वर्षानुवर्षं अबोला.

मी कुलूप काढलं. खरं सांगते, विश्वासाने नाही, बाबांचा चेहरा बघवेना म्हणून. आणि चोरासारखी त्यांच्या मागून निघाले. ती आमच्या दारापासून बाबांसोबत चालली. मध्ये थांबत, बोंबील विकत, पुन्हा चालत. रेशनच्या दुकानाशी तिची जाऊ उभी होती. हिने हनुवटी वर केली, तिने डोळे मिटून उघडले. बस, एवढंच. बाबा त्या बाईबरोबर पुढे निघाले. देवळाशी तिसरी. असं करत करत बाजाराच्या रस्त्यावर बसणाऱ्या म्हातारीपाशी पोचले. त्यापुढे त्यांची बाई नव्हती, म्हणून तिथून बाबांना वळवायचं, असं त्यांचं ठरलेलं.

"पार्ले आलं का हो?" बाबा वाटेत विचारत.

"येतंय की. पुलाचं काम काडलंय, फिरून जावं लागतं."

पुलाचं काम म्हटल्यावर पार्ल्याच्या माणसाला काय, लगेच पटलं. बाबा पालिकेला शिव्या देत परतीला लागले, आणि तशाच हातोहात घरी पोचले. मी खांबाआड उभी होते. एवढ्या मोठ्या शहरात मी जन्म काढला, पण एका माणसासाठी रस्ताच्या रस्ता असा घरासारखा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मला झापलं. "तू मागं मागं नको येऊस. बाबाला कलतं. मग त्यांची चाल बिगडते."

मग हे रोजचंच झालं. बाबांचा रंग सुधारला, रात्री झोप लागायला लागली. जन्मात मासा न खाल्लेले माझे वडील तिच्या पाटीशेजारी बसून छत्रीने कावळे हाकलायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "ताजे आहेत, घ्या." ती तोंडाला पदर लावून हसायची. "बाबा माजे भागीदार," म्हणायची.

पावसाळ्यात बोटी बंद. ताजी मासळी नाही, तरी सुके बोंबील घेऊन ती यायचीच. एका गुरुवारी ती रिकाम्या हाती आलेली पाहून मी विचारलं, "मावशी, आज पाटी कुठे?"

"गुरवारी कोन म्हावरं घेतं?"

"मग आलात कशाला?"

"बाबाला वार कुटं कलतात?"

मी आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. तेवढ्यासाठी ही बाई नवापूरहून टमटमने येत होती. मला तिच्याविषयी जे वाटत होतं त्याला कृतज्ञता हा शब्द लहान पडतो. डोंगरासमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी होतं ते.

मग तिचे गुडघे बोलायला लागले. पाटी उचलताना ती डोळे मिटून घ्यायची. हिवाळ्यात ती सुनेला बरोबर आणायला लागली. सून तरुण, अबोल. मला वाटलं, गिऱ्हाइकं दाखवायला आणली असेल. सुरुवातीला बाबांच्या बाजूला सासू आणि मागे सून चालायची. मग दोघी दोन्हीकडून. मग सून बाजूला आणि सासू एक पाऊल मागे. नंतर दोन पावलं. सुनेच्या अंगावर मी सासूचंच हिरवं लुगडं पाहिलं. पुलाच्या कामाची सगळी उत्तरं तिला तोंडपाठ झाली होती. मला कळत होतं काय चाललंय ते. विचारायचा धीर होत नव्हता.

मग एक दिवस पाटी सुनेच्या डोक्यावर देऊन ती आली आणि आमच्या पायरीवर बसली. मी चहा दिला. बाबांनी छत्री घेतली, सुनेकडे बघून म्हणाले, "चला, उशीर झालाय," आणि निघाले. ही हाताच्या अंतरावर बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दोघं कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले.

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मावशी, त्यांना कळलंसुद्धा नाही, तुम्ही नाही ते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही."

"नाय बगितलं ना?" तिने पुन्हा खात्री करून घेतली. बशीतला चहा संपवला. तिचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. "मग शिकली पोर," ती म्हणाली.

गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि नवापूरच्या टमटमकडे, बाबा गेले त्याच्या उलट्या दिशेने, हळूहळू चालायला लागली.