थोरल्या मुलाचं सुतक

"बापाने पोराच्या प्रेतामागे चालायचं नसतं, आमच्या घराण्यात कोणी चाललेलं नाही."

शिम गीतेक हे बोलले तेव्हा फ्रीजमध्ये दुधाच्या बाटल्या लावत होते. आवाजात दुःख नव्हतं, ताठा होता. वेलिंग्टनच्या एका चढावर त्यांची डेअरी होती; इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरीच म्हणतात. पाव, दूध, आइस्क्रीम, जँडल्स म्हणजे रबरी चपला. गिऱ्हाइकं त्यांना 'मिस्टर शिम' म्हणत. सुमेधा मात्र कोरियन रीतीप्रमाणे 'सोनसेंगनिम' म्हणे, म्हणजे गुरुजी. त्यामुळे म्हातारा तिच्यावर खूश असे.

सुमेधा पुण्याची. आयटीतली नोकरी सोडून इथल्या विद्यापीठात कोरियाच्या जुन्या खेड्यांवर प्रबंध लिहीत होती. त्या खेड्यांतून यांगबान राहत. आपल्याकडचा वतनदार आणि शास्त्री एकाच पगडीखाली बसवावा, तसा हा माणूस. नांगराला हात लावायचा नाही, पोथी सोडायची नाही, आणि गावाने कसं वागावं याचे नियम घालायचे. चुकलेल्याला भर अंगणात उभं करायचं. शिम अशाच घराण्यातले, वडील शाखेचे वारस. कोरियन युद्धात गाव सुटलं तेव्हा ते चार वर्षांचे होते. पुढे शहरातल्या बाजारपेठेत, भाजीवाल्या-मासेवाल्यांच्या शेजारात वाढले. गावातलं फक्त घराण्याचं नाव बरोबर आलं होतं.

"तू काय आमचे मेलेले पंडित वाचतेस!" ते चिडवत. "आधी भात नीट शिजवायला शीक."

"भात आम्हीही खातो, सोनसेंगनिम."

"सुटा सुटा! तो काय भात झाला? दाणे एकमेकांशी भांडल्यासारखे."

त्यांचा एकुलता एक मुलगा जुनहो टौरंगाला किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये होता. दोन हजार बाराच्या पावसाळी हिवाळ्यात त्याची गाडी रस्त्यावरून घसरली. निरोप आला तेव्हा बायकोने दोघांची बॅग भरली. शिमांनी आपले कपडे बाहेर काढून कपाटात परत ठेवले. ती एकटी गेली, आणि मग आलीच नाही. मुलाच्या थडग्याजवळ खोली घेऊन राहिली. फोन केला तर उचलते, ऐकते, ठेवते.

"रागावली आहे," शिम सुमेधाला म्हणाले होते. "तिचं माहेर साधं. तिला रीत कळत नाही."

त्या रीतीवर म्हातारा उभा होता. ती रीत नसती, तर पोराला शेवटचं न पाहता पोचवू देणारा एक माणूस तेवढा उरला असता.

सुमेधाला हे सगळं ठाऊक होतं. तरी त्या दुपारी ती धापा टाकत चढ चढून आली ती तिच्या प्रबंधाचं अडलेलं प्रकरण सुटल्याच्या आनंदात. विद्यार्थ्याला गुरूची चूक सापडावी, तसला तो आनंद.

"सोनसेंगनिम, आज तुम्हाला पकडलं!"

"पकड. पळायला गुडघे कुठे आहेत?"

"ते प्रेतामागे न चालण्याचं. ती यांगबानांची रीत नव्हेच! बाजारातल्या लोकांची, साध्या घरांची. तुमच्याकडे उलट होतं. वारसाचा थोरला मुलगा गेला तर बापाने सगळ्यांत जड सुतक धरायचं. बापासाठी मुलगा धरतो तसंच. कडा न शिवलेलं जाडंभरडं वस्त्र, तीन वर्षं. यावरून केवढे वाद झालेत, राजदरबारापर्यंत!"

शिमांनी हातातली बाटली खाली ठेवली.

"धाकट्यासाठी?"

"धाकट्यासाठी इतकं नाही. थोरला, ज्याच्यामुळे वंश..."

ती थांबली. पण शब्द तर निघून गेला होता.

"आणि बाप जायचा?" त्यांनी विचारलं. "डोंगरावरच्या थडग्यापर्यंत?"

खोटं सांगावं, असं तिच्या मनात आलं. म्हणावं, दुसरं मतही आहे, काही गावांत नव्हते जात. पण पंडित पोरीला खोटं सुचेपर्यंत चेहऱ्याने खरं सांगून टाकलं होतं.

"जायचा," ती पुटपुटली. "पुढे उभा राहून विधी तोच करायचा."

शिम गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. शाळेतून सुटलेली एक मुलगी आत आली, आइस्क्रीम घेऊन माओरीत 'कीआ ओरा, मिस्टर शिम' म्हणत तिने आभार मानले. त्यांनी मान हलवली, तिला कागदी रुमालही दिला. ती गेली.

"सोनसेंगनिम, पुस्तकातलं आहे हो हे. घरोघरी थोडंच कोणी पाळत असेल? तुम्ही लहान होता. तुम्हाला सांगणारं कोण होतं?"

ते तिच्याकडे पाहत होते, रागाने नव्हे. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"माझं चुकलं," सुमेधा म्हणाली. "काकूंना फोन लावू? मी बोलते त्यांच्याशी."

त्यांनी अंगातला दुकानाचा एप्रन काढला. घडी करायला घेतला, पण अर्ध्यातच गल्ल्यावर सोडला. मग तिला वळसा घालून, दार सताड उघडं टाकून, शिम बाहेर पडले.