ताऱ्यांचा तलाठी

माझ्या धाकट्या दिराला आमच्या आळीत ताऱ्यांचा तलाठी म्हणत. दिवसा शाळेत मास्तर, अंधार पडला की आभाळाचा सातबारा. पायाखाली चिखल आहे की शेण, ते मात्र कधी दिसलं नाही.

नवरा गेला तेव्हा माझ्या गळ्यात दोन मुली, केळीची वाडी आणि हे भाऊजी पडले. इंग्रज गेले त्या सुमारास त्यांनी जुन्या जहाजावरची पितळी दुर्बीण आणली आणि विहिरीमागं वेधशाळा काढली. वेधशाळा म्हणजे कुडाची खोली, वर सरकतं पत्र्याचं छप्पर, मधे दुर्बिणीसाठी दगडी खांब. नियम मात्र ढीगभर. खांबाला कुणी शिवायचं नाही. संध्याकाळी चुलीचा धूर नको. मी भात कांडायला बसले की ओरडत, "वहिनी, तुमच्या मुसळानं चंद्र हलतो!"

"मग त्याला म्हणावं, आज उपास कर."

अगस्तीचा तारा दक्षिणेला, अगदी खाली दिसतो. तो बघायची त्यांना भारी हौस. म्हणून बांधण्याआधी मृगात सुतळी धरून चारचारदा मोजमाप घेतलं. दक्षिण मोकळी. असणारच, केळी तेव्हा गुडघ्याएवढ्या होत्या. केळीच्या वाडीत जन्मलेला माणूस हा! खांब-छप्पर होईतो पौष आला. छप्पर सरकवलं, तर समोर पानंच पानं.

"वहिनी, दक्षिण गेली!"

"जाते कुठं? केळींमागं उभी आहे. दुर्बीण उचला नि शेतात न्या."

"खांबावरून हलवायची नाही. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन आले. दोन ओळी तोडायच्या म्हणे. घड नुकते लागलेले, मुलींचं पावसाळ्यातलं खाणं त्यावर. मी आडवी उभी राहिले. म्हटलं, "तोडा. पोरींना भूक लागली की अगस्ती दाखवा."

कोयता ठेवला. मग स्वतःच केळींना खतपाणी नि घडांना टेकू द्यायला लागले, ते लवकर भरावेत म्हणून.

घड उतरवून केळी कापल्या त्या वैशाख संपताना. दक्षिण उघडली आणि आठ दिवसांत आभाळ भरून आलं. म्हटलं, "आता ढगांची नोंद करा." हसले नाहीत.

नवी लागवड केली तेव्हा त्या बाजूच्या दोन ओळी मी मोकळ्या सोडल्या.

"वहिनी, दोन ओळी विसरलात."

"मला कुठं मोजता येतं!"

पाऊस सरायच्या आत भाऊजी तापानं गेले. त्या दोन ओळींत मी मुळा टाकला. मुळा काही उंच होत नाही.