टाकीवरचा उघडा पाईप

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्यामुळं पाण्याचा थेंब सांडलेला मला बघवत नाही. माझ्या हातून जी चूक झाली ती या सवयीनंच झाली.

दिवाळीआधी आम्ही घरातले गंजलेले लोखंडी पाईप काढून नवे प्लास्टिकचे बसवले. ते भिंतीच्या आत गेले आणि न्हाणीला वरपर्यंत टाइल्स लागल्या. फिकट हिरव्या, कडेला बारीक पानं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या घरात मी निवडलेली पहिली वस्तू तीच. दुकानात मी नुसतं बोट ठेवलं होतं.

पंधरा दिवसांत पाईप वाजायला लागले. तोटी उघडली की आधी ती फुरफुरायची, थुंकल्यासारखं पाणी टाकायची, मग भिंतीत धाडधाड व्हायचं. सासरे म्हणाले, "न्हाणीत रेडा बांधलाय का रे?"

यांनी पाईप बसवणाऱ्या मिस्त्रीलाच बोलावलं. त्यानं भिंतीला कान लावला आणि सांगितलं, "आत पाईप धरणारी क्लिप सुटली हाय. भिंत फोडावी लागंल."

"अन् टाइल्स?" यांनी विचारलं.

"त्या जाणारच. तसलं डिझाइन आता मिळत बी न्हाई. दुसऱ्या लावू."

रविवारी येतो म्हणून तो गेला. मी दारामागंच उभी राहून सगळं ऐकलं.

मला मात्र क्लिपचं पटत नव्हतं. क्लिप सुटली असती तर रोज वाजली असती. आमचे पाईप वाजायचे ते टाकी पार रिकामी होऊन पुन्हा भरली की. मग दोन-तीन दिवसांत आवाज हळूहळू कमी व्हायचा. न्हाणीत दिवसातून वीस वेळा जाणारी मी, मला हे कळणारच.

गुरुवारी पाणी आलं, मोटार लावून टाकी भरली. खाली तोटी थुंकायला लागली तशी मी गच्चीवर गेले. टाकीतून पाणी जिथं खाली उतरतं तिथं मिस्त्रीनं एक पाईप उभा करून वरून उघडाच ठेवला होता. पहिल्यांदा टाकी भरली तेव्हा त्यातून पाणी सांडत होतं. तेव्हा मीच त्यात चिंधी कोंबली, वरून कॅरीबॅग लावली आणि सुतळीनं आवळून टाकलं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नव्हतं.

रिकाम्या पाईपात शिरलेली हवा याच वाटेनं बाहेर पडत असणार, आणि ती वाट मीच बुजवली होती. मी सुतळी सोडली, चिंधी ओढली. आतून सूं करून हवा निघाली, बराच वेळ निघत राहिली. मग थोडं पाणी वर आलं. खाली येऊन तोटी उघडली. एकदोनदा फुरफुरली आणि सरळ धार पडली. भिंतीत काही वाजलं नाही. चूक माझीच म्हणून सांगायला धजले नाही, आणि आवाज नेहमीसारखा आपोआप थांबला असं घरच्यांना वाटलं.

रविवारी मिस्त्री छन्नी-हातोडा घेऊन आला आणि पेन्सिलीनं टाइलवर खूण करायला लागला. तेव्हा मात्र मी न्हाणीच्या दारात उभी राहिले.

"भिंत फोडू नका. हवेचा पाईप मी बंद केला होता. आता उघडलाय. तोटी सोडून बघा."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांचं काम त्यांला करू दे की."

"आधी तोटी सोडू द्या," मी म्हणाले.

मिस्त्रीनं न्हाणीतली सोडली, मोरीतली सोडली, बंद करून पुन्हा सोडली. मग हसला. "भाबी, पाईपाचा गळाच दाबला की तुम्ही. आमी इथं भिंत फोडून बसलो असतो."

"तुमचा पाईप टाकीपेक्षा बुटका आहे," मी म्हणाले. "टाकी भरली की त्यातून पाणी वाया जातं. ते इथं कुणाला चालत नाही. त्याला वर जोड द्या."

यांनी माझ्याकडं बघितलं. मिस्त्री हातोडा पिशवीत टाकून गच्चीवर गेला, मागोमाग मीही. त्यानं नवा तुकडा उभ्या पाईपाला लावून धरला आणि कापायच्या आधी मला विचारलं, "किती ठेवू?"

मी टाकीच्या झाकणावर हात धरला, मग आणखी वीतभर वर नेला.