पावणेसहाची गाडी

"कॅब किती वाजताची सांगू?" मी आदल्या दिवशी विचारलं. पप्पा म्हणाले, "पावणेसहा." मी मान हलवली आणि फोनमध्ये सव्वासहा टाकले. पाव म्हणजे क्वार्टर. सहा आणि वर क्वार्टर. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. असे शब्द मी अजूनही अंदाजाने पार करते. कुणाला विचारत नाही.

पप्पा आजवर दीक्षाभूमीला गेले ते रेल्वेनेच. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून विमान. त्यांचं पहिलं आणि माझंही. "नागपूर हवेतून सातशे किलोमीटर, फक्त दीड तास," हे त्यांनी कल्याणच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर सांगून झालं होतं.

"आणि घरून एअरपोर्टला दोन तास, ते पण सांगा की!" खालच्या काकू म्हणाल्या होत्या.

सकाळी पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बॅग घेऊन गेटवर उभे.

"गाडी कुठाय?"

"येईल ना, सिक्स फिफ्टीनला."

"मी पावणेसहा म्हणालेलो."

"हो, तेच."

"अगं, पावणे म्हणजे पाव कमी! तू सव्वा करून बसलीस!"

माझे कान तापले. दुसरी गाडी शोधली, मिळाली नाही. विमान सव्वानऊचं, काउंटर सव्वाआठला बंद. पप्पा ओरडले नाहीत, नुसते गेटबाहेर बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सव्वासहाला गाडी आली. मी धीर करून ड्रायव्हरला सगळं खरं सांगितलं. तो हसला. "बसा काका. ताईंना रस्त्यात मराठी शिकवा, गाडीचं मी बघतो."

माणकोलीला रस्ता मोकळा. साकेतच्या पुलावर ट्रकांची रांग. मी सारखी फोनवर वेळ बघत होते.

"किती वाजले? मराठीत," पप्पा म्हणाले.

"पावणे... सात?"

"बरोबर!"

मग प्रत्येक सिग्नलला हेच. माजिवड्याला सात, मुलुंडला सव्वासात. पवईला एक विमान अगदी खालून गेलं, इतकं मोठं की त्याची चाकं दिसली. पप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "आपलं नाही ना ते?"

"नाही हो! आपलं सव्वानऊला."

आठला पाच कमी असताना आम्ही दारात पोचलो. काउंटरपर्यंत मी धावले. पप्पा मागून लंगडत, हसत.

विमानात बसल्यावर पट्टा मी त्यांचा लावला, माझा त्यांनी. कॅप्टनने इंग्रजीत काहीतरी भरभर सांगितलं.

"काय म्हणाला?"

"वेळेवर निघतोय. दीड तास लागेल."

"मग उतरणार किती वाजता?"

"पावणेअकरा!"

इतक्या मोठ्याने की पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. एरवी मी खिडकीत तोंड लपवलं असतं. पण तेवढ्यात विमान धावू लागलं, सगळं थरथरलं आणि पप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, उडालं! उडालं!"